दोराचं वरचं टोक

मुरबाडला आमचे एक म्हातारे पाळकसाहेब होते. त्यांना ग्रीक येत असे. ह्याचा मुरबाडात कोणालाही काडीचा उपयोग नव्हता, आणि ते त्यांनाही पुरतं ठाऊक होतं. घराच्या पडवीत एक मोडकं टेबल, त्यावर ग्रीक शास्त्र, म्हणजे बायबलचा नवा करार, शिवण उसवलेला शब्दकोश, आणि शेजारच्या बाजेवर वाळत घातलेल्या मिरच्या, अशा थाटात ते बसलेले असत. शेजाऱ्यांच्या शेळ्या येऊन कागद खायच्या. एकदा एका शेळीने त्यांची महिनाभराची टिपणं फस्त केली, तेव्हा ते म्हणाले, "चला, कोणाच्या तरी पोटात गेलं." त्यांचा विनोद हा असा होता.

मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा, मिशनच्या शाळेवरचा मास्तर. आमचं घराणं नगरकडचं, आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेलं. किन्हवलीपासून दोन तासांच्या चालीवर डोंगराला चिकटून एक पाडा होता. तिथल्या कुडाच्या शाळेत आठवडाभर मी पोरांना पाढे शिकवायचो आणि रविवारी मोठ्यांना उपदेश करायचो. महिन्यातून एकदा हजेरीबुक दाखवायला मुरबाडपर्यंत पायपीट करायची. त्या दिवशी पाळकसाहेब मला ग्रीकचा धडा देत. त्यांना शिकवायला दुसरं कोणी नव्हतं आणि मला मिरवायला काहीतरी हवं होतं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

तेव्हा ते एकाच शब्दापाशी अडून बसले होते. पिस्तिस. आपल्या मराठी शास्त्रात त्या जागी विश्वास असं छापलेलं असतं. साहेबांना ते चूक वाटत नव्हतं, पण पुरेसंही वाटत नव्हतं.

"आपण विश्वास म्हटलं की लोक मान डोलावतात," ते म्हणाले. "देव आहे का? आहे. झालं. मानणं हा ह्या शब्दाचा सगळ्यांत हलका अर्थ, मास्तर. ग्रीक माणूस भार टाकण्यालाही पिस्तिस म्हणायचा, आणि ज्याच्यावर भार टाकला त्याने तो पेलण्यालाही पिस्तिसच म्हणायचा. भरवसा आणि इमान, दोन्ही एकाच शब्दात. आपल्याकडे ह्याला शब्द नाही. तुम्ही डोंगरात राहता. तिथली माणसं काय म्हणतात ते ऐका आणि मला सांगा."

मी मोठ्या उत्साहाने होकार दिला. त्या वयात मला वाटायचं की शब्द सापडला म्हणजे वस्तू सापडली.

पाड्यातली माणसं माझा उपदेश फार सौजन्याने ऐकत. "विश्वास ठेवा," मी म्हणायचो. "ठेवला," ती म्हणायची, आणि कोंबड्यांना हाकलत घरी जायची. पुढच्या रविवारी पुन्हा ठेवायची. त्यांच्यात एकच माणूस प्रश्न विचारणारा होता. तो मध काढायचा. पाड्यामागे ताशीव कडा होता, त्याला उन्हाळ्यात आग्यामाश्यांची सुपाएवढाली मोहोळं लागत. हा माणूस दोराला लटकून, हातात ओल्या पाल्याचा धुमसता पेंडका घेऊन ती कापायचा. अंगाने काटकुळा, डाव्या भुवईवर माश्यांच्या डंखांनी आलेली कायमची सूज, त्यामुळे तो सदा एक डोळा मिचकावून थट्टा करतोय असं वाटायचं. बऱ्याचदा तो खरंच थट्टा करत असायचा.

एका रविवारी तो म्हणाला, "मास्तर, तुमी सांगता इस्वास ठेवा. त ठेवून करायचं काय? आमी कड्यावर उतरतो तवा वर दोर धरनारा असतो. त्यो कोन हाय ते बगून उतरतो. तुमच्या देवाचं मला पटतं. पन वर कोन हाय?"

मग त्यानेच मला ती रीत सांगितली. दोर सख्ख्या भावाने धरायचा नाही. माणूस मेला तर शेत भावाकडे जातं. भावाचं मन चांगलं असेल, पण त्याला त्या मोहात कशाला घालायचं? दोर धरायचा तो बायकोच्या भावाने. आपली बहीण रांडाव व्हावी असं कुठल्या भावाला वाटेल? म्हणून वरचं टोक मेव्हण्याच्या हाती. आणि ते हातीच. कड्याच्या काठापासून पाच-सहा हातांवर ऐनाच्या तोडलेल्या झाडाचा गुडघाभर खुंट होता. त्याला दोराचा एक वेढा द्यायचा, वजन हलकं व्हावं म्हणून, आणि पुढचं टोक दोन्ही हातांत धरून पाय रोवून बसायचं. खालून एक हिसका आला की थांबायचं. दोन हिसके आले की खाली सोडायचं. दोर खुंटाला बांधायचा मात्र कधीच नाही.

"का?" मी विचारलं. "बांधला तर जास्त पक्का राहील."

"खुंटाला कळत नाय, मास्तर," तो म्हणाला.

पुढच्याच शनिवारी धावतपळत मुरबाड गाठून मी हे सगळं पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ह्यात पिस्तिस कुठल्या टोकाला आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, खालच्या, जो लटकतो त्याच्या. ते म्हणाले, "आणि वरच्या?" मी त्या दिवशी स्वतःवर इतका खूश होतो की परतीची वाट कधी सरली ते कळलं नाही. पुढे मी तोच दाखला किन्हवलीच्या सभेत दिला, एकदा शहापुरात दिला, एकदा पाहुण्या गोऱ्या साहेबापुढेही दिला. सगळ्यांना आवडायचा. दोर मात्र मी तोवर हातात धरला नव्हता.

त्या पावसाळ्यानंतर मध काढणाऱ्याने मला सांगितलं की त्याला पाण्यात जायचंय, म्हणजे बाप्तिस्मा घ्यायचाय. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. भीती खरी ठरली. पंच बसले. त्याच्या घरचं पाणी बंद, विस्तव बंद. त्याची बायको आमच्या धर्माकडे ढुंकूनही बघत नव्हती, पण नवऱ्यासोबत तीही वाळीत पडली. आणि तिच्या भावाला पंचांनी बजावलं, ह्याचा दोर धरशील तर तुझंही घर बाहेर. त्याला म्हातारी आई होती, दोन लेकरं होती. तो खर्डीला रेल्वेच्या गँगमध्ये कामाला निघून गेला. जाताना बहिणीला तोंडही दाखवलं नाही.

तेव्हा त्या नवराबायकोने काय केलं? दिवाळीच्या बीजेला ती बाई माझ्या शाळेच्या दारात उभी राहिली. हातात ताट, ताटात दिवा, तांदूळ, कुंकू. उंच, रापलेली, कमी बोलणारी बाई. म्हणाली, "पाटावर बस. तुला भाऊ करायला आली हाय." मागे तिचा नवरा सुजक्या भुवईने हसत उभा होता. "मेव्हना मिळाला तरच मोहोळ मिळनार," तो म्हणाला.

ओवाळून घेणं आमच्यात चालत नव्हतं. पण नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझं मन भरून आलं होतं. मला बहीण नव्हती. मी बसलो. तिने ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, मी तिला नगरहून आलेली एक चादर दिली. दुपारी मला किन्हवलीला जायचं होतं, तिथे मिशनची माणसं येणार होती. पाड्याखालच्या ओढ्यावर मी वाकलो आणि कपाळ स्वच्छ धुऊन टाकलं. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून धुतलं.

पुढचे चार-पाच महिने तो मला दोर धरायला शिकवत होता. पळसाच्या मुळ्या ठेचून, त्यांचा वाख काढून त्याने स्वतः वळलेला तो दोर, मनगटाएवढा, खरखरीत. आम्ही दगड बांधून तो खाली सोडायचो, वर घ्यायचो. माझे हात खडू धरणारे. आठवड्यातून दोनदा फोड यायचे आणि ती बाई त्यांवर हळद दाबायची. "मेव्हन्या, हात बायकांचे हायत तुझे," तो म्हणायचा. "बायकांचे आसते त बरं व्हतं," ती म्हणायची. आम्ही तिघं हसायचो. त्या घरात दुसरं कोणी येत नसे, म्हणून आमचं हसणं जरा जास्तच मोठं असायचं.

चैत्र संपत आला तेव्हा एका सकाळी, ऊन कड्यावर यायच्या आत, आम्ही वर गेलो. घरातल्या बाईने कड्याकडे यायचं नाही, चूल पेटती ठेवून घरी थांबायचं अशी रीत. पाड्यातलं दुसरं कोणी येणं शक्यच नव्हतं. त्यामुळे वर आम्ही दोघंच होतो. त्याने दोर कमरेला आणि मांड्यांना आवळला, कोयता खोचला, धुमसता पेंडका घेतला. काठावरून उतरताना तो प्रार्थना करेल असं मला वाटलं होतं. त्याने फक्त माझ्या हातांकडे एकदा बघितलं आणि उतरला.

मी दोर सोडत गेलो. एक हिसका आला, मी थांबलो. तो मोहोळापाशी पोहोचला होता. दोर ताठ, मला खालचं काही दिसत नव्हतं. धुराचा वास येत होता. माझे तळवे जळत होते. मी शंभरपर्यंत आकडे मोजले, मग पुन्हा शंभर. घामाने दोर हातात सरकतोय असं वाटायला लागलं. खरोखर सरकत होता की नाही, देव जाणे. मला माझ्या हातांची भीती वाटली. मी सोडून दिला तर? हा विचार एकदा आला तो जाईचना. आणि मग मी शहाणपणा केला. तो काम करतोय तेवढा वेळ पक्का राहावा म्हणून दोराचं टोक मी खुंटाभोवती आणखी एकदा फिरवून त्याची घट्ट गाठ मारली. हात मोकळे झाले. किती बरं वाटलं ते आजही आठवतं. मी तळव्यांवर फुंकर घालत बसलो.

वारा फिरला. धूर कड्यापासून लांब गेला, आणि खालून माश्यांचा तो आवाज वर आला. दोन हिसके आले. सोड. कड्याच्या मध्यावर एक टप्पा होता, त्यात कपार होती. दोर भराभर सोडला तर माणूस टप्प्यावर उतरतो आणि कपारीत शिरतो. हे त्याने मला दहा वेळा शिकवलं होतं. मी गाठीला हात घातला. ती त्याच्या वजनाने आवळून दगड झाली होती. नखं लावली, दात लावले. पुन्हा दोन हिसके. पुन्हा दोन. मी ओरडलो, "थांब, सोडतो." तो कदाचित ऐकत होता. मग हिसके मोजता येईनात इतके येऊ लागले, आणि मग दोर एकदम हलका झाला.

त्याने डोक्याच्या वर कोयत्याने दोर कापला होता. माश्यांत लटकत मरण्यापेक्षा टप्प्यावर पडून बघावं असं त्याला वाटलं असणार. उंची फार होती.

आता पुढचं लिहितो, ते मी पाळकसाहेबांनाही सांगितलं नव्हतं. मी लगेच खाली धावलो नाही. आधी मी दोर वर ओढून घेतला. वजन नसल्यामुळे गाठीचं कडं खुंटावरून वर सरकवून काढता आलं. ते तसंच ठेवून मी दोर गुंडाळला, खांद्यावर घातला, आणि मग खाली धावलो. का, ते मला तेव्हाही नीट कळत होतं. कड्यावरून टप्प्याला जायची वाट लांबून होती. मी पोहोचलो तेव्हा तो गेलेला होता. तेवढ्या वेळात तो जिवंत होता की नव्हता, हे मला कधीच कळणार नाही.

पाड्यात शिरलो तेव्हा ती दारात उभी होती. आत चूल पेटती होती. मी म्हणालो, "दोर घासून तुटला." तिने माझ्या खांद्यावरून दोर उतरवून घेतला आणि आत नेऊन ठेवला. मग बाहेर येऊन जमिनीवर बसली. तेव्हा मला आठवलं, गाठ सोडायची राहून गेली.

पाड्याने ठरवलं की हा देवाचा कोप. पाण्यात जायला निघाला, कड्यावरच्या देवाने फेकून दिला. आमच्या लोकांनी त्याचं दुसरंच काही केलं. मुरबाडच्या उपासनेत पाळकसाहेबांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली, त्याच्या विश्वासाबद्दल ते बोलले. बायका रडल्या. मी पहिल्या बाकावर होतो, हातांना फडकी बांधलेली, आणि लोक येऊन त्या फडक्यांना हलकेच हात लावत होते. उपासना झाल्यावर साहेबांनी मला पडवीत बोलावलं. मिरच्या सरकवून बाजेवर बसवलं. "तुम्ही वर होता," ते म्हणाले. "काय झालं?" मी म्हणालो, "दोर तुटला, साहेब." त्यांनी मान हलवली. नंतर त्यांनी मला ग्रीक कधी शिकवलं नाही. डोळे अधू झालेत असं म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या तिसऱ्या वर्षी ते वारले. त्या शब्दाला त्यांना मराठी मिळालं की नाही, मला ठाऊक नाही.

तिचा भाऊ खर्डीहून आला. क्रियाकर्म होईपर्यंत तो थांबला. मग एकटाच कड्यावर गेला आणि त्या ऐनाच्या खुंटाशी संध्याकाळपर्यंत बसून राहिला. परत आल्यावर तो एवढंच म्हणाला, "मी धरला आसता त." हे वाक्य त्याने मग सोडलं नाही. खर्डीला कामावर म्हणायचा, दारू पिऊन म्हणायचा, न पिताही म्हणायचा. पंचांचं ऐकलं म्हणून बहीण रांडाव झाली, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याला मोकळं करायला माझं एक वाक्य पुरलं असतं. दोर चांगला होता, मी बांधला. इतकंच. मी दोनदा खर्डीला गेलो, दोन्ही वेळा त्याला लांबून बघितलं. लाइनीवर वाकून खडी सारत होता. मी स्टेशनवरच चहा प्यालो आणि परत आलो.

त्या वर्षी मी बदली मागून घेतली आणि शेणव्याच्या शाळेवर गेलो. लग्न केलं. वाटलं होतं, ती आता येणार नाही. पण बीजेला ती आली, डोंगर उतरून, आडवाटेने अर्धा दिवस चालत, पदराखाली ताट घेऊन. "पाटावर बस," म्हणाली. तिने ओवाळलं, माझ्या बायकोच्या हातचं जेवली, नेसूचं घेतलं आणि निघाली. मी चाचरत विचारलं, "दोराचं काय केलंस?" "ठेवलाय," ती म्हणाली.

दरवर्षी ती यायची. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेना, तेल मिळेना, तरी तिच्या दिव्याला तेल असायचं. ती माझ्याकडे बघत दिवा फिरवायची, जरा जास्तच वेळ, आणि मी तांदळाकडे बघायचो. मी स्वतःची समजूत घातली होती की तिने तो दोर गुरांना लावला असेल, गाठीचं तिला काही कळलं नसेल. ती गेली की मी मागच्या दारी जाऊन कपाळ धुवायचो. शेणव्यातली आमची माणसं काय म्हणतील, असं बायकोला सांगायचो. बायको पाणी ओतायची.

सेहेचाळीस सालची बीज. ती आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. पाणी पिऊन म्हणाली, तिचा भाऊ श्रावणात तापाने गेला. शेवटचे दोन दिवस ती त्याच्या उशाशी होती. शुद्धीत नव्हता, पण ते वाक्य म्हणत होता.

का कोण जाणे, त्या दिवशी मी बोललो. का कोण जाणे असं लिहिलं, पण मला माहीत आहे. आता मला जाब विचारणारा पुरुष त्या घरात उरला नव्हता. मी पाटावर बसल्या बसल्या तिला सगळं सांगितलं. हात घामेजले ते, गाठ मारली ते, हिसके आले ते, आधी दोर गुंडाळला आणि मग धावलो ते. सांगताना मी रडलो. माझी बायको दाराआड उभी होती, तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

ती ताट मांडीवर घेऊन बसली होती. माझं रडणं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "गाठ मी त्याच दिशी बगितली. टोक कोयत्यानं कापल्यालं, ते बी बगितलं. समदं कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलून काय व्हनार? मी सांगितलं आसतं त माज्या भावानं तुला मारला आसता नाय त म्हनला आसता, बाय माजं मन राखायला सांगते. तुज्याच तोंडून त्याला पटलं आसतं. वर तू व्हतास. दर वर्सी येत व्हते. म्हनलं, औंदा सांगल. औंदा नाय त पुडल्या साली सांगल. सात वर्सं तो रोज मेला, दादा."

मला दादा तिने त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

मी विचारलं, "आणि हे सगळं ठाऊक असून मला ओवाळत होतीस?"

"ओवाळला व्हता ना एकदा," ती म्हणाली. मला तो प्रश्न का पडावा हेच तिला कळत नव्हतं असं तिच्या तोंडावर दिसलं. मग तिने ताट खाली ठेवलं, दिवा लावला. काडी दोनदा विझली, तिसऱ्यांदा पेटली. तिने मला नेहमीसारखं ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर तांदूळ टाकले. उठता उठता म्हणाली, "पयल्या बीजेला तू वढ्यावर कुंकू धुतलंस. मी वरच्या बांधावरून बगत व्हते. घरी जाऊन त्याला सांगितलं, ह्या मानसाच्या हाती दोर देऊ नको, ह्यो लाजतो आपल्याला."

"काय म्हणाला?"

"म्हनला, लाजू दे. लाजला तरी धरील त्यो."

ती जेवायला थांबली नाही. नेसूचंही घेतलं नाही. दारात माझ्या बायकोला म्हणाली, "आता माजं येनं सरलं गो," आणि गेली. पुढच्या दिवाळीला ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. जिवंत आहे असं किन्हवलीच्या बाजारात कळायचं. मी पाड्यात जाऊन तिच्या दारात उभा राहू शकलो असतो. राहिलो नाही.

त्या दिवशी मात्र मी मागच्या दारी गेलो नाही. बायको सवयीने तांब्या घेऊन आली आणि उभी राहिली. मी नको म्हणून मान हलवली, तशी ती पाणी तुळशीत न ओतता, आमच्याकडे तुळस नव्हतीच, अंगणातल्या मिरचीच्या रोपाला ओतून आत गेली. कुंकू संध्याकाळपर्यंत कपाळावर राहिलं, आणि त्याने आता कोणाचं काही भलं होणार नव्हतं.